गवसणीच्या मखमलीची कॉलर

“कोट कसला ह्यो? तंबोऱ्याची गवसणी हाय!” मंगलमावशी दातानं दोरा तोडत पुटपुटली. तोंडात टाचण्या धरलेल्या क्रांतीला हसायची सोय नव्हती. कोटात उभ्या मिलिंदनं मात्र सगळं ऐकलं होतं.

मावशी-भाची मिरजेत तंबोऱ्यांना मखमली गवसण्या शिवायच्या. महिन्यापूर्वी शेजारच्या शिंप्याचं दुकान बंद होतं, म्हणून सांगलीचा मिलिंद इथं डोकावला. हातात जुना फोटो... गुडघ्यापर्यंत कोट, मखमली कॉलर, नळकांड्यासारखी पँट घातलेली लंडनची पोरं.

“यांना टेडी बॉय म्हणत,” तो म्हणाला होता. “दुसऱ्या महायुद्धानंतर बड्या शिंप्यांनी एडवर्ड राजाच्या काळचा कोट श्रीमंतांसाठी पुन्हा काढला. कामगारांच्या पोरांनी तो उचलला... आणि श्रीमंतांनी लगेच टाकला.”

“आपल्यासारख्यांनी घातला की यांना नकोसा!” क्रांती म्हणाली. “द्या, मी शिवते.”

कोट तिनं आयुष्यात शिवला नव्हता, कॉलरही गवसणीच्याच मखमलीची. तरी पहिल्याच ट्रायलला तो अंगावर असा बसला, की मावशीनंसुद्धा मान डोलावली. मिलिंद आरशात बघत – खरं तर आरशातल्या क्रांतीकडे बघत – म्हणाला, “बाही... जरा लांब वाटते.”

मग ती आखूड झाली. मग लांब. मग कॉलर रुतायला लागली.

आज पाचवी ट्रायल. शनिवारी तो कपड्यांचा इतिहास शिकायला इंग्लंडात लीड्सला निघणार होता, दोन वर्षांसाठी.

“बाही अजून थोडी–”

“आवं, हात हाय का रबर?” मावशी कडाडली. “चहा टाकते मी,” म्हणत आत गेली, आणि चहाचं भांडं मुद्दाम जोरात आपटत राहिली.

क्रांतीनं बाहीला टेप लावली. साडेचोवीस. वहीतलं त्याच्या मापाचं पहिलं पान उघडलं. साडेचोवीस.

“पहिल्या दिवशीचंच माप आलं,” ती ओठांतल्या टाचण्यांमधूनच म्हणाली.

“हो का?” मिलिंदचे कान लाल झाले. “मग... कोट झाला म्हणायचा?”

एवढंच कुणी विचारू नये, म्हणून दोघं महिनाभर जपत होती. क्रांतीनं टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. तोंड मोकळं झालं.

“पहिल्याच ट्रायलला झाला होता. तुम्ही खोट काढत होता, मी उसवत होते. का, ते दोघांनाही ठाऊक होतं.” तिनं त्याची कॉलर नीट केली, हात तिथंच राहिला. “मला तुम्ही आवडता, मिलिंद. शनिवारी जा... पण माझे होऊन जा.”

आतलं भांडं एकदम शांत झालं.