कराडचं गवत

वावराचा कोपरा मी शेतकी कॉलेजातल्या भरतला प्रयोगासाठी वापरायला दिला, तेव्हा माझी रुपा धानोऱ्याला मामाकडे होती. परतली, तर आमच्या रानात गाजरगवत ओळीनं उभं. माझ्या, सिंधुबाईच्या, वावरात तण? माझीच पोर ती. ओढणी खोचली, विळा घेतला अन् बसली उपटायला.

"अहो... ते मी लावलंय."

मी भाकरी घेऊन आले, तर भरत चिखलात उभा.

"गाजरगवत कोनी लावस का?" रुपानं विचारलं.

"मी लावतो. ही ओळ इथल्या बियांची, ती आमच्या कराडच्या. मध्ये तुमचा तरोटा, आमच्याकडचा टाकळा. गवत एकच, पण वेगळ्या मातीत वाढलेलं. तरोटा कुणाला दाबतो ते बघायचंय."

"मंग? कोन दबनं?"

"कराडचं तुम्हीच संपवलंत की."

ती हसली — अन् लगेच खाली बघायला लागली. मला काय ते कळलं.

मी भरतला बजावलं, "पुन्हा पेर. पण एक जरी फूल दिसलं, तर गवताआधी तुला उपटीन."

मग रुपा रोज तिकडे पाणी घालायला.

"कराडनं टिकी का आठे?"

"इथे आधी खुरटलं. आता तरोट्याच्या वर डोकं काढतंय."

"आन् कराडना मानूस?"

"त्याला... कुणी विचारलंच नाही."

पोर खान्देशाबाहेर देणार नाही, हे माझं बोलणं गावभर ठाऊक. भरतलाही. कळ्या धरायच्या आत त्यानं गवत उपटून जाळलं. उद्या निघणार म्हणून बायकांबरोबर कपाशी निंदायला बसला, अन् सगळ्यांच्या मागे पडला.

आमच्याकडे जिची पात, म्हणजे निंदायची ओळ, मागे राहते, तिच्या पातीला तिची जिवाची मैत्रीणच पलीकडच्या टोकानं लागते. परक्याची पात कुणी धरत नाही. रुपानं आपली पात संपवली, वळसा घातला अन् भरतच्या पातीला समोरून बसली. सगळ्या बायकांदेखत.

मधोमध दोघांचे विळे थांबले.

"कराडले कव्हय जाशात?"

"उद्याच, पण फक्त सामान आणायला. नंदुरबारात नोकरी धरलीय... तुम्ही म्हणाल तर राहतो."

"मी कसाले सांगू," रुपा मातीशी बोलली. "ऱ्हा ना."

गजराबाई माझ्या कानाशी लागली, "सिंधू, पोर हातनी गई वं."

मी विळा हलवतच राहिले.

"गई नही. जवाई घर उना."