कालिनोव्हाला दिलेला लाइन क्लिअर

जोडगाडी चुकली ना? चुकणारच. मोठ्या लाइनीची गाडी उशिरा आली तरी तळ्याकडची तिच्यासाठी थांबत नाही, हे इथलं, ओल्शानेत्समधलं शेंबडं पोरही सांगेल. आता बसा तिघं इथंच, वेटिंग रूममध्ये. चहा मी देतो. ए लाल जाकीटवाल्या, तो मोबाइल आधी खिशात टाक. उजेडात ऐकायची गोष्ट नाही ही.

गोष्ट म्हणजे घडलेलं आहे. माझ्या बाबतीत नाही, इथल्या बोगुमिल स्टेशनमास्तरांच्या. मी तेव्हा इथं सांधेवाला होतो, रुळांचे सांधे बदलणारा, मास्तरांना पुरता ओळखून होतो. थाप मारायला सांगितली असती तरी त्या माणसाला जमली नसती. संशयी मात्र एक नंबरचे. मी दिलेला चहासुद्धा आधी हुंगायचे!

सहा वर्षं झाली. चोवीस डिसेंबरची, नाताळच्या मोठ्या जेवणाची रात्र. सगळं गाव घरात, ताटावर. मास्तर ड्युटीवर एकटे, पण स्वारी खुशीत होती. मुलगी येणार होती ना! इर्मिना. त्याच्या चार वर्षं आधी तिनं ग्दान्स्कला एका घटस्फोटित खलाशाशी लग्न लावलं, तेव्हा मास्तर तिला म्हणाले होते, "माझं दार तुला बंद." रागाच्या भरात बोलले आणि मग चार वर्षं स्वतःच जळत राहिले. त्या सकाळी तिचा फोन आला. तळ्याकडच्या शेवटच्या गाडीनं येते म्हणाली. येताना वाटेत सासूला भेटून येणार होती.

मास्तरांनी ड्युटीच्या खोलीतच टेबल मांडलं. पांढरं कापड, हेरिंग मासे, हीटरवर बिटाचं सूप. नाताळची पवित्र पोळी दोघांनी मिळून मोडायची, म्हणजे जुनं भांडण मिटलं, म्हणून बशीत ठेवलेली. एक ताट अचानक येणाऱ्या पाहुण्याचं, ते तर या रात्री घरोघरी असतंच. सूप ढवळायचे आणि खिडकीतून बघायचे, ढवळायचे आणि बघायचे.

आठ वाजून गेल्यावर फोन वाजला.

मास्तरांनी नेहमीचा उचलला. तो गप्प. वाजत होता तो कोपऱ्यातला, कालिनोव्हाच्या लाइनीचा. तिकडं जंगलातली लाकूडगिरणी बंद पडली तेव्हाच ती लाइन बंद झाली. तिच्या खांबांवरची तांब्याची तार चोरांनी केव्हाच लंपास केली होती. फोन तेवढा टेबलावर राहिला, कारण तो काढून न्यायचा हुकूम कुणी धाडलाच नाही.

मास्तरांना पहिला संशय माझा आला. मी प्यायलोय आणि चेष्टा करतोय! दुसरा चोरांचा. सणाची रात्र, मास्तर एकटा, त्याला बोलण्यात गुंतवा आणि तिकडं केबल कापा. त्यांनी चिडूनच रिसीव्हर उचलला.

"कोण आहे?"

"कालिनोव्हा बोलतोय. गाडी तयार आहे. लाइन क्लिअर मिळेल का?"

आणि मास्तर म्हणाले, "दिला."

हसू नकोस रे! लाइन क्लिअर म्हणजे रूळ मोकळा आहे, गाडी सोडा, असा शब्द; एकतीस वर्षं दिवसातून पन्नास वेळा हाच प्रश्न आणि हेच उत्तर. डोकं विचार करेपर्यंत जीभ बोलून मोकळी झाली. पलीकडून रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. मास्तरांनी फोन उचलून त्याच्या मागं पाहिलं. तार हातभर लोंबत होती. पुढं काहीच नव्हतं.

आता नीट ऐका, कारण खरी अडचण इथं आहे. कालिनोव्हाची लाइन आणि तळ्याकडची लाइन स्टेशनाच्या जरा अलीकडे एकाच सांध्यावर मिळतात. सांधा एकाच गाडीचा. एकीला शब्द दिला की ती पोचेपर्यंत दुसरीला सोडायची नाही. हा नियम मोडल्यापायी आम्ही नोकऱ्या गमावल्यात, माणसंही गमावलीत.

मास्तर स्वतःलाच शिव्या घालत होते. कुणीतरी आपल्याला उल्लू बनवतंय... तरीही हात सिग्नलच्या बटणाकडं जाईना.

तेवढ्यात तळ्याकडची गाडी आली आणि बाहेरच्या सिग्नलला लाल बघून उभी राहिली. ड्रायव्हर रेडिओवर ओरडला, "अहो मास्तर, झोपलात की काय? घरी मासे गार होतायत माझे!"

"थांब जरा."

"कशासाठी? चिटपाखरू नाही रुळावर!"

मग मोबाइल वाजला. इर्मिना.

"बाबा, गाडी तुम्ही अडवलीत?"

"पाच मिनिटं, बाळ."

"ड्रायव्हर म्हणतोय कारणच नाही काही. बाबा, खरं सांगा. मी यायला नकोय ना तुम्हाला?"

"तसं नाही गं..."

"मग हिरवा द्या! द्या ना! मला इथनं स्टेशनचा दिवा दिसतोय." ती रडत होती. "नाहीतर मी याच गाडीनं परत जाते. पुन्हा नाही येणार. अजिबात नाही."

मास्तरांचं काळीज तुटलं. एक बटण. दाबलं की मुलगी दारात. कोण कुठला कालिनोव्हा! बोट बटणावर गेलं.

सूप हललं.

आधी सूप. मग चमचे. मग खिडकीची काच.

आवाज येत होता. जंगलाकडून. जड गाडी. खूप जड... खूप लांब. मास्तर खिडकीशी गेले. दिवा नाही. इंजिन नाही. बर्फ पडतोय, बस. आणि आवाज आला. सांध्यावरून गेला. खडाक... खडाक... डब्यामागून डबा. संपेचना.

"बाबा?" फोनवर इर्मिना. "बाबा, हे काय जातंय?"

मास्तरांनी फोन कानापासून खाली घेतला.

आवाज तीन नंबरच्या फलाटाशी आला. तिथं थांबला.

मग... काही नाही.

मास्तरांनी बटण दाबलं. हिरवा झाला. तळ्याकडची गाडी हळूहळू आत आली. इर्मिना उतरली, पण बापाच्या गळ्यात काही पडली नाही. लांबच उभी राहिली.

"कोणती गाडी होती ती?"

"कालिनोव्हाची."

"ती लाइन बंद आहे बाबा. मी शाळेत असल्यापासून बंद आहे. बाजूनं मालगाडी गेली असेल. मला बाहेर ठेवायचं होतं म्हणून एवढं नाटक?"

पोळी बशीतच राहिली. रात्रभर ती बाकावर कोट पांघरून बसून होती. बापाचा संशयी स्वभाव तिनं पुरेपूर घेतला होता.

सकाळी मी ड्युटीवर आलो तेव्हा ती निघायच्या तयारीत होती. मास्तरांनी मला सगळं सांगितलं, तिच्यासमोरच. मी म्हटलं, चला, बघू या तरी. ती म्हणाली, "बघायचंय काय? गंजकं लोखंड?" पण आली आमच्याबरोबर.

तीन नंबरवर बर्फाला कुणाचा पायसुद्धा लागला नव्हता. इर्मिना वाकली आणि हातमोज्यानं रुळावरचा बर्फ बाजूला केला. मग आणखी थोडा केला. मग ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी बर्फ सारत पुढं पुढं सरकत गेली.

पोरांनो, रूळ दोन दिवस वापरला नाही तर तांबूस होतो. गंज फक्त चाकानं जातो. आणि तो रूळ आरशागत चकाकत होता. आम्हीही बर्फ सारत गेलो, तर फलाटापासून सांध्यापर्यंत, सांध्यापलीकडं जंगलाच्या दिशेनं, सगळीकडं तसाच.

इर्मिनानं गुडघ्यांवर बसूनच बापाकडं पाहिलं.

"बाबा... काल मी एवढी रडत होते. तुम्ही माझं ऐकलं असतं तर?"

मास्तरांनी खाली वाकून तिला उठवलं. तिनं त्यांच्या कोटात तोंड खुपसलं. मी दुसरीकडं बघितलं. सांध्यापलीकडं, त्या चकाकत्या रुळांच्या मधोमध, माझ्यापेक्षा उंच एक बर्चचं झाड उभं होतं. त्याच्या फांद्यांवरचा बर्फ जसाच्या तसा होता. एक काडी मोडली नव्हती.