पाण्याखालच्या वाघोबाचा वाटा

ही रचलेली गोष्ट नाही. माझी धाकटी जाऊ मंगळी, तिच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे. उरलेली कुठं गेली, ते मला ठाऊक आहे.

गेल्या वर्षीची वाघबारस, दिवाळीआधी वाघोबाला पुजायचा दिवस. मोखाड्याकडचं धरण काठोकाठ भरलेलं. दुपारचे तीन वाजले होते.

मंगळीच्या पोरानं, कमलेशनं, पर्यटकांना फिरवायला मोटरबोट घेतली होती. पहिल्या फेरीला आई आणि मित्र भिका. डब्यात कोंबड्याचं कालवण आणि नागलीच्या भाकरी.

आमचा जुना पाडा त्याच पाण्याखाली आहे. मंगळीला वरूनही सगळं कळत होतं. इथं आमचं खळं, इथं शेजारच्या जिवाचं मोहाचं झाड...

"मशीन बंद कर," ती एकदम म्हणाली. "खाली वाघोबाचा दगड आहे. पहिला घास त्याला टाक."

पाड्याची शीव ती. त्याचा वाटा दिल्याशिवाय तिथून कोंबडं कुणीच पुढं नेत नसे.

भिका हसला. "काकी, वाघोबा आता मासे खात असंल."

"आधी आपण जेवू, आये. उरलंसुरलं त्याला."

कमलेशनं नांगर तिथंच टाकला आणि तंगडी तोंडात घातली.

पाखरं गप्प झाली.

पाणी हलेनासं झालं.

मग बोटीच्या तळाला... खर्रर्र...

"खडक असंल," म्हणत भिका नांगराचा दोर ओढायला वाकला. दोरानं त्यालाच ओढलं. हात कोपरापर्यंत पाण्यात गेला, आणि बाहेर आला तो हाडापर्यंत फाटलेला.

चार सरळ रेघा.

बोटीचं तोंड खाली जाऊ लागलं. मंगळीनं डबा पाण्यात भिरकावला.

खरखर थांबली नाही. ती सरकत सरकत कमलेशच्या पायाखाली आली... आणि त्याच्या मांडीतून रक्त उडालं. त्याला कुणी शिवलंही नव्हतं.

मंगळीनं बोटीत ठेवलेला कोयता उचलला. करंगळी बोटीच्या काठावर ठेवली.

"हा घे पहिला घास. पोराला सोड."

एकच घाव.

दोर सैल पडला.

तिघंही जगली. भिकाचा हात मात्र कापावा लागला. डॉक्टरांनी विचारलं, बिबट्या कुठं भेटला?

यंदा मे महिन्यात पाणी उतरलं, दगड उघडा पडला. मंगळी एकटीच गेली. दगडापुढं डबा होता, झाकण लावलेला. कालवण चाटूनपुसून संपवलेलं.

आत फक्त तिची तुटलेली करंगळी. ताजी. गोंदणाचा हिरवा ठिपका तसाच.

"बाय," ती मला म्हणाली, "त्याला माझं नको होतं."

बोट आता तिच्या अंगणात पालथी पडली आहे. पाणी तिथून दोन कोस लांब. कमलेश तिला हातही लावत नाही.

परवा वाघबारस. आज सकाळपासून त्या पालथ्या बोटीखालून... खर्रर्र...

कमलेश जेवायला बसला की मंगळी पहिला घास बोटीपाशी नेऊन ठेवते.

घास तसाच राहतो.