लांब घराची बंदूक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हंबीररावही आधी हसायचे, पुढं त्यांनी ते सोडलं. चंदगडकडचा, आपल्या ओळखीतला माणूस. थापा मारणारा नव्हे.

२००४ सालची वसुबारस. हंबीरराव सकाळच्या एसटीनं काडतुसं आणायला कोल्हापुरात गेले होते. थोरले भाऊ आण्णा वारले आणि त्यांची जुनी एकनळी बंदूक परवान्यासकट हंबीररावांकडं आली. बंदूक कसली, तोफेची धाकटी बहीणच. नळीत अंगठा सहज फिरावा एवढं भोक. काडतूस जिथं बसतं त्या जागेला आण्णा 'घर' म्हणायचे. ते घरही चांगलं चार इंच लांब. दुकानदारानं मान हलवली.

"पावणं, तसलं काडतूस शेवटचं माझ्या बापानं विकलं. आता समदीकडं बारा बोअर. तुमच्या घरात ते ढिलं हुतंय, आत घरंगळतंय. त्या नादाला लागू नका."

म्हणजे घरी उरलेलं पितळी काडतूस शेवटचंच. शेजारच्या गणपतरावांनी त्यांचा परवाना देऊन बारा बोअरची काडतुसं मागवली होती, तेवढी घेऊन हंबीररावांनी कोटाच्या खिशात टाकली. एसटी रखडली. अंधार पडला तसे ते घरी न जाता थेट शेतावरच गेले.

सीमेपलीकडनं उतरलेला एक हत्ती आठवडाभर भातात धुमाकूळ घालत होता. वैनी, म्हणजे आण्णांच्या पत्नी बनाबाई, वसुबारसेचं जेवण घेऊन आल्या होत्या. दुरडीबरोबर बंदूक आणि ते पितळी काडतूसही. अंधारात परत जायची सोय नव्हती, म्हणून त्या राखणीच्या माळ्याखालच्या खोपीत आडव्या झाल्या. "हिला अंतर देऊ नगंस," वैनींबद्दल एवढंच आण्णा जाताना बोलले होते. हंबीररावांना ते शब्द रोज टोचायचे. त्यांनी पितळी काडतूस कोटाच्या त्याच खिशात टाकलं आणि माळ्यावर चढले. चूक झाली ती इथंच.

"भावजी, भरायच्या आधी फुंकर मारा बरं का," वैनी खालनं म्हणाल्या.

आण्णांची ती सवय. बंदूक मोडायची, म्हणजे बिजागरीत वाकवून उघडायची, आणि घराला तोंड लावून फुंकायचं. नळीत कुंभारीण माशी मातीचं घर बांधते म्हणून. नळी मोकळी असली की भूंऽऽ करून घुमायची, पार गावापर्यंत. वैनी घरात ऐकायच्या आणि मग निवांत झोपायच्या. आण्णांचं तोंड सदा पानानं रंगलेलं, त्यामुळं बंदुकीलाही लाल ओठ उमटायचे. हंबीररावांना हे सगळं म्हातारचळ वाटायचं.

मध्यरात्र उलटली आणि खोपीच्या अंगाला भात चुरडल्याचा आवाज आला.

काळंकभिन्न काहीतरी सरळ खोपीकडं येत होतं.

हवेत बार काढला की हत्ती बिचकतो. हंबीररावांनी बंदूक मोडली, नळीचं तोंड माळ्याबाहेर खाली झुकलेलं. खिशातनं काडतूस काढून घरात सरकवलं. ते गडप झालं. खाली गवतात पडलं असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी बोट घालून पाहिलं. घर रिकामं. दुसरं काढलं. हे जड, पितळी. नीट बसलं. बंदूक मिटली. घोडा मागं ताणून ठेवला.

हत्ती खोपीशी पोचला होता.

बोट चापावर…

फूऽ.

कुणीतरी नळीच्या तोंडात फुंकलं होतं.

नळी घुमली नाही. फुंकर मध्येच अडली.

वारा नव्हता. पानाचा वास आला. ओला, तंबाखूचा…

"आण्णा?"

फूऽ. पुन्हा अडली.

हंबीररावांचं बोट चापावरनं सुटलं. घोडा त्यांनी अलगद खाली घेतला. बंदूक मोडली. पितळी काडतूस बाहेर काढलं, नळी उभी करून हलवली. टक… घरातून दुसरं काडतूस घरंगळत तळहातावर आलं. बारा बोअरचं. लांब घराच्या पार टोकाला, नळी अरुंद होते तिथं, जाऊन बसलं होतं. बोट तिथवर पोचलंच नव्हतं. बार काढला असता तर नळी तोंडावर फुटली असती.

हंबीरराव तसेच बसले. बंदूक मोडलेली, मांडीवर आडवी, तोंड माळ्याबाहेर.

आणि नळी घुमली. भूंऽऽ… पार गावापर्यंत.

हत्ती थबकला. कान हलले. मग तो वळून भातातनं निघून गेला.

खोपीत वैनी झोपेतच कूस बदलून निवांत झाल्या.

उजाडल्यावर त्या वर बघत म्हणाल्या, "फुंकर मारलीसा न्हवं, भावजी. ऐकली मी."

हंबीररावांनी खाली वाकून पाहिलं. माळा दोन पुरुष उंच. खाली ओल्या चिखलात हत्तीचे ठसे होते, माणसाचा एकही नव्हता. त्यांनी बंदूक खाली दिली. नळीच्या तोंडाभोवती लाल कडं होतं. वैनींनी पदराच्या टोकानं ते पुसलं.

पदर लाल झाला. कडं अजून ओलं होतं.