न उतरलेला खर्ज

वाचकहो, पूर्णा गावचे खर्जाचे गायक कै. रामनाथ भोईर यांचे जीवन, त्यांचे गायन आणि त्यांच्या आवाजाची झालेली गत, ही हकीकत मी पुढे कथन करीत आहे. मी त्यांच्या शेजारी बसून आयुष्यभर टाळ वाजवला. पोटासाठी मी भिवंडीत लूमचा जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणे हे माझे काम. यंत्र कशाने थरथरते ते शोधण्यातच माझा जन्म गेला, त्यामुळे कारणावाचून थरथर असते यावर माझा विश्वास नव्हता. जे पाहिले तेच लिहीन.

आमचे भजनी मंडळ चौघांचे. राघोबुवा मुख्य गायक, पेटीही त्यांच्याकडे. विठू पखवाज वाजवी आणि वरच्या पट्टीत साथ करी. मी टाळकरी. चौथे रामनाथदादा. त्यांच्या हाती कोणतेही वाद्य नसे. दोन्ही तळवे मांडीवर उपडे ठेवून, डोळे मिटून ते सर्वांच्या खालून एक गंभीर सूर धरीत. त्या सुरास आम्ही खर्ज म्हणतो. इमारतीचा पाया जसा दिसत नाही, तसा तो सूर ऐकू येण्यापेक्षा बसल्या जागी जमिनीतून कळत असे.

त्यांचा आवाज लहानपणीच फुटला आणि फुटला तो थेट विहिरीच्या तळाशी गेला. शाळेत प्रार्थनेच्या वेळी गुरुजी त्यांना मागे उभे करीत. गावातील पोरे "ए रेड्या, हंबर ना!" म्हणून चिडवीत. पुढे राघोबुवांनी एकदा त्यांना शेतात बैलांना हाका मारताना ऐकले आणि नांगर सोडायला लावून तसेच चिखलाच्या पायांनी भजनाला आणून बसवले. वज्रेश्वरीच्या यात्रेत आम्ही गाऊ लागलो की दुकानदार काटा हातात धरून थांबत. कोण गातो म्हणून लोक राघोबुवांकडे पाहत, परंतु थांबलेले असत ते दादांच्या सुराने. हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हते, असे मला वाटते.

भिवंडीत एकाने आमची कॅसेटही काढली होती. आम्ही मोठ्या उत्साहाने ती लावून ऐकली. तीत आम्ही तिघेच होतो. यंत्राने दादांचा सूर धरलाच नव्हता. दादा हसून म्हणाले, "बरं झालं, माझा खोकला तरी न्हाय आला." मात्र नंतर पुष्कळ वेळ ते आपले तळवे पाहत बसले.

आता मंडळाचा एक नियम सांगणे अगत्याचे आहे. बैठकीत खर्ज आधी बसतो, मग टाळ, मग बाकीचे. शेवटच्या अभंगानंतर सर्वांनी थांबायचे आणि खर्जवाल्याने आपला सूर हळूहळू खाली नेऊन जमिनीवर ठेवायचा. यास सूर उतरवणे म्हणतात. तो उतरेपर्यंत कोणी उठत नाही. खर्ज सर्वांच्या शेवटी उठतो. हे जुन्या लोकांनी का घालून दिले ते कोणी विचारले नाही, आणि आम्ही ते कधी मोडलेही नव्हते.

दादांच्या पत्नी राहीबाई दिघाशीच्या. त्यांना मी वैनी म्हणे. त्यांची तरुणपणाची सगळी वर्षे लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्यात गेली आणि त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. पखवाजाच्या शेजारी बसल्या तरी त्यांना काही कळत नसे. अक्षरओळख नव्हतीच. परंतु सायंकाळी दादा आणि वैनी ओट्यावर पाठीला पाठ लावून बसत. दादा खर्जात बोलत, वैनी रस्त्याकडे पाहत उत्तरे देत.

"हं. आमटीत मीठ जास्ती झालं, कबूल हाय," असे म्हणून त्या एकट्याच हसत. नवख्या माणसास ती बाई भ्रमिष्ट वाटावी. वास्तविक जगातील एकच आवाज तिला ऐकू येत होता आणि तो तिला पाठीतून ऐकू येत होता.

सन दोन हजार चार साली गावात गोदामे उभी राहण्याची घाई चालली होती. दादांच्या भावकीचे शेत विकले गेले होते आणि तेथे पत्र्याच्या छपराचे एक भले मोठे गोदाम तयार झाले. दादांनी बैलांना हाका मारल्या त्याच जागेवर. उद्घाटनास सत्यनारायण आणि आमचे भजन ठेवले होते. आत अजून माल आला नव्हता, त्यामुळे आवाज घुमत होता. दादा त्या दिवशी असे गायले, की मी टाळ वाजवतो आहे याचे मला भान राहिले नाही.

शेवटचा अभंग संपला. दादांनी सूर उतरवावयास घेतला. इतक्यात बाहेर फटाक्यांची माळ कडाडली. प्रमुख पाहुणे वेळेआधी आले होते. गोदामाचे शेठ धावत येऊन म्हणाले, "बुवा, आटपा, आटपा!" राघोबुवा स्वभावाने मानमरातब पाळणारे. ते हात जोडून उठले. ते उठले म्हणून आम्हीही उठलो. दादा एकटे डोळे मिटून गात होते.

राघोबुवांनी त्यांना दंडाला धरून उठवले. "रामनाथ, ऊठ रं, पाव्हनं उभं हायत."

दादांनी डोळे उघडले. त्यांचे तोंड मिटले. मला स्पष्ट आठवते, तोंड मिटल्यावरही माझ्या तळपायांस सूर लागत होता. फटाक्यांमुळे असेल असे मी मानले.

दुसऱ्या दिवशी दादांना आवाज नव्हता.

ठाण्याच्या डॉक्टरांनी नळी घालून घसा पाहिला. सूज नाही, गाठ नाही, सर्व निरोगी आहे असे सांगितले. दादा आमच्याशी कुजबुजत आणि आम्हाला ते समजे. प्रश्न आमचा नव्हताच. सायंकाळी वैनी सवयीप्रमाणे ओट्यावर येऊन पाठीला पाठ लावीत. थोडा वेळ थांबून म्हणत, "बोला ना." मग वळून त्यांच्या तोंडाकडे पाहत. ओठ तर हलत होते. "माज्यावं रागावलेत का? काय चुकलं माजं?"

दादा हातवारे करून घसा दाखवीत. त्या मान डोलवीत आणि पुन्हा पाठ लावून वाट पाहत.

पुढे गोदामाचा पहारेकरी माझ्याकडे आला. उत्तरेकडचा भला माणूस होता. म्हणाला, "चाचा, आप मशीन का काम जानते हो ना? ज़रा देख लो. अंदर कुछ चलता रहता है." मी भर दुपारी गेलो. आत खोक्यांच्या थप्प्या होत्या. पिण्याच्या पाण्याच्या पिंपात वर्तुळे उमटत होती, एकात एक, न थांबता. मी मुख्य बटण बंद करविले. जनरेटर पाहिला, तो थंड होता. रस्त्यावरचे ट्रक थांबेपर्यंत वाट पाहिली. वर्तुळे चालूच राहिली. शेवटी मी भिंतीस हात लावत लावत फिरलो. ज्या भिंतीलगत आमची बैठक घातली होती, तेथे हात ठेवला आणि काढून घेतला.

जन्मभर ज्याच्या शेजारी बसलो, तो सूर मला चुकणार नव्हता.

"क्या है, चाचा?"

"कुछ नहीं," मी म्हणालो. "पुराना है."

हे मी कोणास सांगितले नाही. परंतु एके दिवशी वैनी लाकडांचा भारा घेऊन त्या वाटेने येत होत्या. भारा डोक्यावर ठेवूनच दम खाण्यासाठी त्यांनी गोदामाच्या भिंतीस बाहेरून पाठ टेकली. मी मागून येत होतो. भारा धाडकन खाली पडला. मी धावलो, तो त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि त्या भिंतीस पाठ लावून म्हणत होत्या, "हं... हं... मना वाटलं रुसलेत."

त्या दिवसापासून वैनी रोज दुपारी तेथे जाऊन बसू लागल्या आणि गोष्ट गावभर झाली.

विठू थट्टेने म्हणाला, "गोदामाला बी खर्ज हाय. आपलंच मंडळ बिनपायाचं!" कोणी हसले नाही. दादा ओट्यावर एकटे बसलेले असत. मी जवळ बसलो की कुजबुजत, "महादू, ती माज्याजवळ बसत न्हाय आता."

अखेर दादांनीच तोडगा काढला. अर्धा राहिलेला सूर उतरवला तर आवाज घशात परत येईल, असे त्यांना वाटत होते. राघोबुवांना तर तेव्हापासून अन्न गोड लागत नव्हते, त्यांनी शेठची परवानगी काढली. एका रविवारी दुपारी, कामगारांना सुट्टी असताना, आम्ही चौघे त्याच जागी बसलो. दादा आधी बसले, मग मी, मग राघोबुवा आणि विठू. वैनी नित्याप्रमाणे भिंतीपलीकडे बाहेर बसलेल्या होत्या.

राघोबुवांनी तोच अभंग धरला. दुसऱ्या चरणास आमच्या खालून सूर उभा राहिला. दादांचे तोंड बंद होते. विठूचा हात पखवाजावर अडखळला, परंतु त्याने ठेका सोडला नाही.

अभंग संपला. आम्ही थांबलो. सूर थांबला नाही.

दादांनी डोळे मिटले, तोंड उघडले आणि मान हळूहळू खाली नेऊ लागले. सूरही खाली येऊ लागला. पिंपातील वर्तुळे विरळ झाली. दादांच्या घशात कितीतरी महिन्यांनी काहीतरी हलले. माझ्या अंगावर काटा आला तो भीतीने नव्हे, आनंदाने.

तोच दारातून वैनी धावत आत आल्या.

"कोन मधी बोलतंय?" त्या ओरडल्या. "गप बसा! हे काय सांगतात ते ऐकू येईना झालंय!"

त्या दादांच्या समोर उभ्या होत्या. परक्या माणसाकडे पाहावे तसे त्यांनी दादांकडे पाहिले. मग हात जोडून म्हणाल्या, "पाया पडते, बाबा. वाईच गप बसा."

दादा त्यांच्या मुखाकडे पाहत राहिले.

मग त्यांनी तोंड मिटले.

आणि ते उठले. आमच्या मंडळात प्रथमच खर्ज सर्वांच्या आधी उठला. पिंपातील पाणी पुन्हा हलू लागले. वैनींचा चेहरा निवळला आणि त्या घाईघाईने बाहेर आपल्या जागी गेल्या.

दादांनी पुन्हा प्रयत्न केला नाही. मी आग्रह केला तेव्हा कुजबुजले, "उतरला आन् घशात आलाच न्हाय तर? मग तिला कायच न्हाय." त्यानंतर ते तीन वर्षे जगले. दुपारी भिंतीपासून थोडे दूर, बांधावर बसून ते पत्नीस बोलताना पाहत. ती काय उत्तरे देते ते त्यांना ऐकू येई. तिला काय सांगितले जात आहे, ते मात्र त्यांना कधीही कळले नाही. माणसाच्या वाट्यास याहून मोठा एकांतवास आला असेल असे मला वाटत नाही.

दादा वारले त्या दिवशी मी गोदामाकडे गेलो. सूर आता थांबला असेल अशी माझी खात्री होती.

थांबला नव्हता.

वैनींनी कुंकू पुसू दिले नाही. शेजारच्या ठमाबाई रागावल्या, "अगं, जनाची तरी लाज!" वैनींना ते ऐकू आले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "हे हायत ना."

मी अधूनमधून जाऊन त्यांच्याजवळ बसे. एकदा त्यांनी मला खूण करून थांबवले, भिंतीकडे कान नव्हे, पाठ दिली, आणि म्हणाल्या, "भावजी, हे इचारतात, टाळ कुठं हाय?"

मी माझे रिकामे हात पाहिले. बोललो असतो तरी त्यांना ऐकू आले नसते.

"म्हनतात, बैठक अजून उठली न्हाय."

दोन हजार नऊ सालच्या उन्हाळ्यात वैनी तेथेच गेल्या. दुपारी पहारेकऱ्याने पाहिले तर भिंतीस पाठ टेकून बसलेल्या, मान किंचित कलती, कोणाचे तरी बोलणे ऐकत असल्यासारखी. आम्ही त्यांना उचलले. मी भिंतीस हात लावला. ती नुसती भिंत होती, उन्हाने तापलेली. आत पिंपातील पाण्यात छपराच्या पत्र्याचे प्रतिबिंब स्वच्छ दिसत होते. मला हायसे वाटले आणि त्याच क्षणी फार वाईटही वाटले.

ताटीचा, म्हणजे तिरडीचा, पुढचा बांबू माझ्या उजव्या खांद्यावर होता. खाडीकाठच्या स्मशानाच्या निम्म्या वाटेवर मी विठूकडे पाहिले. तो डाव्या बांबूखाली होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि खाली पाहिले. तो म्हणाला, "चाल, महादू. थांबू नको." बांबू त्याच सुरात खांद्यात घुमत होता. मी चाललो.

घरी येऊन मी आंघोळ केली आणि ओला पंचा खुंटीला लावण्यासाठी भिंतीकडे गेलो. त्याच खुंटीस माझे टाळ दोरीने टांगलेले असतात. दादा गेल्यापासून मी ते हातात घेतले नव्हते. दोन्ही वाट्या एकमेकींस टेकलेल्या होत्या आणि अतिशय हलकेच, त्याच सुराच्या थरथरीने, वाजत होत्या.

मी त्यांच्यामध्ये फडके घातले. आज हे लिहिताना ते फडके खाली पडलेले आहे. मी ते उचललेले नाही. आमच्या मंडळात खर्जानंतर टाळ बसतो, हे मी वर लिहिलेच आहे.

आपण शेवटपर्यंत बसलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

वाचकांचा नम्र,
महादू गोमा तरे
मु. पूर्णा, ता. भिवंडी