माझे बघ

औषधाच्या दुकानात माझं काम एकच, तारखा बघायच्या. मुदत कशाची संपली, कशाची संपत आली, परत काय पाठवायचं. अठरा वर्षं हेच केल्यावर माणसाचा कशावर पटकन विश्वास बसत नाही. नवरा म्हणायचा, "हिने आमची लग्नपत्रिकासुद्धा उलटून बघितली, मागे तारीख आहे का म्हणून."

तो मला एका ऑनलाइन गेममध्ये भेटला. डोंगर, पाणचक्की, लांडगे असा गेम. पहिल्याच दिवशी माझ्या पाठीमागून लांडगा आला आणि याने घाईघाईत 'मागे बघ'च्या ऐवजी टाइप केलं, 'माझे बघ'. मी याचं काय ते बघत राहिले आणि लांडग्याने मला फस्त केलं. लग्नानंतर तो शब्द घरात रुळला. दूध उतू जायला लागलं की हा ओरडायचा, "अगं, माझे बघ!" पाहुणे चक्रावून जायचे. आम्ही कुणाला कधी समजावून सांगितलं नाही.

सहा वर्षांपूर्वी कंपनीने तो गेम बंद केला. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, घशातून साधा आवाजही येईना. तेव्हापासून तो आतल्या खोलीत पडून असतो. मी भरवते, पाठ पुसते, कूस बदलते, आणि एकच विचार डोकं खात राहतो. याला मी कळते का? माझ्या हातून याला दुखत तर नाही ना?

अशात दोन भावंडांनी जाहीर केलं, की त्या जुन्या गेमसारखाच नवा गेम ती दोघं घरबसल्या बनवताहेत. आधी तिघांनी हेच गाजर दाखवलं होतं. छान छान चित्रं, 'लवकरच येत आहे', आणि मग चिडीचूप. मी त्यांना लिहिलं, 'थापा मारायच्याच तर नव्या तरी मारा.' दर आठवड्याला एक टोमणा. उत्तर मात्र प्रत्येकाला आलं, आणि तेही नम्र, म्हणून मी आणखीच चिडले.

सहा महिन्यांनी त्या भावंडांतल्या बहिणीचा फोन आला. "ताई, सगळ्यात जास्त शिव्या तुम्हीच घातल्यात. तेव्हा आधी तुम्हीच खेळून बघा. आत तुमच्याशिवाय कुणी नसेल."

दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं. नवरा झोपला होता. मी चुका काढायच्या तयारीनेच बसले आणि पहिल्या मिनिटात गप्प झाले. चिखलाची वाट तीच. पाणचक्कीच्या एका फळीचा कुरकुर आवाजसुद्धा तोच. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

चक्कीच्या पायरीवर निळी टोपी घातलेलं कुणीतरी बसलं होतं. बाहुलं ठेवलं असेल, असं म्हणून मी पुढे गेले.

पडद्यावर अक्षरं उमटली.

'माझे बघ!'

मी वळले. मागे लांडगा होता.

मी थेट फोन लावला. "आमचं जुनं बोलणं तुम्हाला कुठून मिळालं?"

"कुठलं बोलणं, ताई?"

"मग पायरीवर कोण बसवलंय?"

"माणसं अजून घातलेलीच नाहीत. डोंगर, चक्की आणि एक लांडगा, एवढंच आहे. काही बिघडलंय का? दादाला दुरुस्त करायला सांगू?"

"अजिबात हात लावू नका," मी म्हणाले. मग आयुष्यात पहिल्यांदा त्या पोरीला म्हणाले, "तुमचे उपकार झाले गं."

ते मनापासून होतं. महिनाभर रोज दुपारी मी त्या पायरीवर बसले. तो तसाच चिडवायचा, तसाच माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायचा. संध्याकाळी मी हलक्या हाताने नवऱ्याचं अंग पुसायचे आणि त्या भावंडांना मनातल्या मनात दुवा द्यायचे. दोन वर्षांत एवढं सुख मिळालं नव्हतं. विचारायची मात्र हिंमत होत नव्हती.

आज विचारलं.

'कूस बदलताना दुखतं का रे?'

'कुणाला?'

'तुला. आत, पलंगावर.'

नुसतं पाणी वाजत होतं.

'मी कुठल्या पलंगावर? मी इथेच आहे. गेम बंद झाला त्या दिवसापासून.'

म्हणजे सहा वर्षं. झटका तर दोन वर्षांपूर्वीचा. मधली चार वर्षं मी कुणाबरोबर जेवले, कुणाशी भांडले?



'तुझा आवाज येतो पण इथे,' त्याने लिहिलं. 'किती मायेने करतेस त्याचं. ऐकून बरं वाटतं.'

आणि मग,

'कोण आहे गं तो?'



आतल्या खोलीत कुणीतरी घसा खाकरला, बोलण्याआधी खाकरतात तसा.