पायातला श्वास

शलाकाचा आवाज मृण्मयीने एकदाच ऐकला होता. चाळीस वर्षांपूर्वी, कुडाळच्या एका मांडवामागे उभं राहून. दम्याची मुलगी ती. ओळीच्या ऐन मध्यावर तिचा श्वास तुटायचा, आणि त्या जागी पेटीवर बसलेला कौस्तुभ तिच्यासाठी सूर धरून ठेवायचा, ओंजळीत पाणी धरावं तसा.

शलाका त्याच वर्षी गेली. पुढे कौस्तुभने मृण्मयीशी लग्न केलं.

आता गाण्याला साथ संगणकच करतात. माणूस त्यांना फक्त वळण देतो. संधिवाताने बोटं आखडली तेव्हा कौस्तुभने दाराची बिजागरी, रबरी चपलेचा तळ आणि दाब मोजणारी पट्टी जोडून घरीच एक ‘पायटा’ बनवला नि संगणकाला लावला. पाय दाबला की सूर भरायचा, उचलला की विरायचा.

पण मृण्मयी गाऊ लागली की ओळीच्या मध्यावर साथ क्षणभर एकाच सुरावर थांबे. तिला तर तिथे श्वास नकोच असे.

“यंत्र बिघडलंय गं तुझं,” ती डॉ. नाझनीनला म्हणाली. संगणकाला पायट्याची भाषा नाझनीननेच शिकवली होती.

“नाही काकू. पाऊल हलण्याआधी स्नायू किंचित थरथरतो. तो पूर्वकंप. काकांना स्वतःला कळायच्या आत पायटा तो टिपतो.”

“म्हणजे थांबतो तो कौस्तुभच?”

“त्यांचा पाय थांबतो. त्यांना पत्ताही नसतो. हाताने वाजवायचे तेव्हा सावरून घेत असतील. आता मधे लपायला जागा नाही उरली. कुणातरी आखूड दमाच्या माणसाची सवय दिसते.”

“पुसून टाक.”

“यंत्रातून पुसेन. पण त्यांचा पाय उद्या पुन्हा शिकवेल त्याला.”

घरी भाजी चिरताना तिच्या ओठांवर ओवी आली,

सवत असती दारी, दार लावून घेतलं असतं
सवत शिरली पायी, पाऊल कसं गं धरावं

मैफलीत साथीदाराने गाणाऱ्याला दाद द्यायची रीत. कौस्तुभ परक्यांना सढळ दाद द्यायचा. मृण्मयीला फक्त “बरं झालं.”

“मला एकदा तरी ‘वा’ म्हण की रे!”

“भातात मीठ बरोबर पडलं म्हणून रोज टाळ्या वाजवू?” तो हसायचा.

कुडाळच्या नव्या सभागृहात तिचं गाणं होतं. पहिली ओळ अर्ध्यावर आली. दम पुरेसा होता, तरी मृण्मयीने ती मुद्दाम तोडली आणि छातीत ओढून घेतला तो आखूड, दुखरा श्वास.

साथ तिथेच, त्याच सुरावर थांबली. तुटलेल्या ओळीखाली सूर असा उलगडला, की लोक पुढे सरकून बसले. मग प्रत्येक ओळीला तेच. आयुष्यात पहिल्यांदा तिचं गाणं आणि त्याचा पाय एकत्र चालले होते. ती गात गेली, स्वतःची छाती दुसरीला उसनी देऊन.

गाणं संपलं. कौस्तुभचे डोळे मिटलेले होते, गाल ओले. तो तिच्याकडे झुकला.

“वा!” तो म्हणाला. “वा, मृण्मयी! आज गायलीस बघ.”